बिघाड आढळला नाही

नारायण पेठेत आमचं अक्षरजुळणीचं काम आहे. गेली वीसहून जास्त वर्षं या कामासाठी जेवढे कॉम्प्युटर घेतले, ते सगळे एकाच कंपनीचे घेतले. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही. प्रकरण आता जिल्हा ग्राहक आयोगापुढे आहे आणि नाव घेऊन जे म्हणायचं ते तिथे म्हटलेलं आहे. इथे लिहायचंय ते वेगळं. इतकी वर्षं एका कंपनीवर विश्वास का ठेवला आणि तो का गेला, हे मला एकदा नीट मांडून बघायचं आहे. मशीन बिघडलं म्हणून विश्वास उडाला असं कुणी समजू नये. मशीन बिघडलं तेव्हाच तर तो बसला होता.

२००३ सालची गोष्ट. सासऱ्यांचा खिळ्यांचा, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवून छापायचा, छापखाना बंद होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. छपाईचं ट्रेडल मशीन भंगारात गेलं होतं, खिळे वजनावर विकले गेले होते आणि त्या खोलीत दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर आणि एक लेझर प्रिंटर एवढा संसार होता. असेंबल्ड घ्यायचा की ब्रँडेड, यावर त्या काळी पुण्यात घरोघरी वाद व्हायचे. असेंबल्ड बराच स्वस्त पडे. आम्ही पोटाला चिमटा काढून ब्रँडेड घेतले होते, कारण काम अडलं तर निस्तरायला कुणीतरी बांधील असावं, एवढाच हिशोब होता.

दिवाळी अंकांचं काम ऐन भरात असताना त्यातलं एक मशीन मध्येच आपोआप रीस्टार्ट व्हायला लागलं. कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात फोन केला, तो तिथल्याच माणसानं उचलला. दुसऱ्या दिवशी सकाळी एम-एटीवरून एक इंजिनिअर आले. पन्नाशीचे असावेत. आल्या आल्या त्यांनी मशीनला हात लावला नाही. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "काय काय होतं ते पहिल्यापासून सांगा." मी सांगत गेले, ते मध्ये विचारत गेले. सुरू केल्यावर लगेच होतं का? प्रिंट देताना होतं का? शेजारच्या मशीनच्या प्लगवर लावून पाहिलंत का? मग त्यांनी कॅबिनेट उघडलं, टॉर्च मारला आणि मला जवळ बोलावलं. प्रोसेसरच्या कडेला उभ्या असलेल्या छोट्या नळकांड्यांपैकी तीन-चारांची डोकी फुगली होती. एकाच्या डोक्यावरच्या फुलीतून तपकिरी काहीतरी बाहेर येऊन सुकलं होतं.

ते कपॅसिटर. वीज क्षणभर साठवून प्रोसेसरला सारखी, हेलकावे न देता पुरवायची, हे त्यांचं काम. आत ओलसर रसायन असतं. ते नीट बनलेलं नसलं तर आत वायू धरतो, दाब वाढतो आणि डोकं फुगतं. फुली मुद्दाम कोरलेली असते, नळकांडं फुटायच्या ऐवजी तिथून हळूच उकलावं म्हणून. १९९९ ते २००७ च्या सुमारास असे सदोष कपॅसिटर, मुख्यतः तैवानमध्ये बनलेले, जगभरातल्या अनेक कंपन्यांच्या मदरबोर्डांवर, म्हणजे कॉम्प्युटरचे सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात त्या मुख्य बोर्डांवर, बसले होते. हे मी खूप नंतर वाचलं. त्या दिवशी मला एवढंच माहीत होतं की समोरचा माणूस माझ्यापासून काही लपवत नाहीये. ते म्हणाले, "ताई, तुमच्या वापरण्यात काही नाही. या खेपेचे बोर्डच असे आलेत. हा आज बदलतो. तुमचं दुसरं मशीन याच खेपेचं आहे, त्याचाही बोर्ड मागवून ठेवतो. बिघडायच्या आत बदलू."

आणि त्यांनी तसं केलं.

मी त्या कंपनीची झाले ती तेव्हा. सदोष माल त्यांनीच विकला होता, हे मला दिसत होतं. पण तो सदोष आहे हे त्यांच्या माणसानं माझ्या टेबलाशी बसून मला दाखवलं, आणि मी न मागताच त्यांनी दुसऱ्या मशीनची काळजी घेतली. पुढे मी कॉम्प्युटर बदलले, वाढवले, मुलीला कॉलेजसाठी लॅपटॉप घेतला, दर वेळी त्याच दुकानात, त्याच कंपनीचा. आमच्याकडे प्रुफं घेऊन येणारे प्रकाशक, प्राध्यापक, निवृत्तीनंतर आत्मचरित्र लिहायला बसलेले कितीतरी काका विचारायचे, "कुठला घेऊ हो?" मी छातीठोक सांगायची. माझ्या शब्दावर लोकांनी पैसे टाकलेत. आज त्यातलं एखादं माणूस भेटलं की माझा घसा दाटतो.

आता जे मशीन आयोगापुढे आहे ते २०२४ च्या पाडव्याला घेतलं. तीन वर्षांची ऑन-साइट वॉरंटी, तिचे वेगळे पैसे मोजून. वैशाखात त्रास सुरू झाला. दुपारी, खोली तापलेली असताना, दीडदोन तास काम झालं की स्क्रीन जागच्या जागी गोठायचा. माउस नाही, कीबोर्ड नाही. बटण दाबून बंद केलं तर लगेच सुरू व्हायचं नाही. अर्ध्या-पाऊण तासानं, जणू काही झालंच नाही असं सुरू व्हायचं. सकाळी कधीच नाही. फोटो भरपूर असलेल्या पुस्तकाची पीडीएफ काढताना हमखास.

हे मी इतकं नेमकं सांगू शकते, कारण मी वही ठेवली. छापखान्याच्या घरात नोंदी ठेवायची सवय असते. किती वाजता गोठला, त्या वेळी काय चाललं होतं, खोलीतल्या तापमापीवर आकडा किती, पुन्हा किती वेळानं सुरू झाला, सगळं तारखेनिशी. चार पानं भरल्यावर कुणालाही दिसलं असतं की हा दोष उष्णतेचा आहे.

हेल्पलाइनवर फोन लागला की पहिल्यांदा सीरियल नंबर. मग नाव, मोबाइल, पत्ता, पिनकोड. मग त्रास काय आहे ते सांगायचं. मी वही उघडून सांगायला लागले की पलीकडून यायचं, "मॅडम, आधी एकदा रीस्टार्ट करून बघू या का?" सकाळची वेळ. मशीन छान सुरू व्हायचं. आतली तपासणी चालवायला सांगायचे, ती सगळी 'पास' यायची. "आत्ता नीट चालतंय ना मॅडम? मग आपण तक्रार बंद करू या का?" मी नाही म्हणायचे. दुपारी मशीन गोठलं की पुन्हा फोन, आणि पलीकडे दुसरं माणूस. सीरियल नंबर. नाव. मोबाइल. पत्ता. पिनकोड. त्रास काय आहे?

मला त्या फोनवरच्या मुलामुलींचा राग नाही, तो कधीच आला नाही. ती सौजन्यानं बोलत. पण त्यांच्यापैकी एकालाही आदल्या माणसाला मी काय सांगितलं हे माहीत नसायचं, किंवा माहीत करून घ्यायला वेळ नसायचा. मला त्या कंपनीच्या २००३ च्या बोर्डाचा रंग आठवतो. तिला माझा कालचा फोन आठवत नव्हता.

मग फॉरमॅट. 'फॉरमॅट मारून बघू' हे किती सहज म्हटलं जातं! मराठी डीटीपीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अक्षरजुळणीच्या, मशीनला फॉरमॅट म्हणजे काय, हे या कामातल्या लोकांनाच कळेल. युनिकोड आलं, तरी आमच्याकडची निम्म्याहून जास्त कामं अजून जुन्या फाँटमध्ये आहेत. वीस वर्षांपूर्वीची पुस्तकं नव्या आवृत्तीसाठी उघडायची तर तोच फाँट, तीच आवृत्ती आणि तोच कीबोर्ड लागतो. पुस्तकाची पानं बांधायचं पेजमेकर हे सॉफ्टवेअर, त्याची शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची, आणि तिच्यात बांधलेली पुस्तकं आजही आमच्याकडे दुरुस्तीला येतात. तिला आजच्या विंडोजवर बसवायचं म्हणजे तासन्‌तास समजूत काढायची. फाँटच्या सॉफ्टवेअरला यूएसबीत लावायचं डाँगल असतं, ते लावल्याशिवाय फाँट चालत नाही, त्याचा ड्रायव्हर वेगळा. एक गोष्ट मागेपुढे झाली की रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षरं फुटतात, आणि हे स्क्रीनवर चटकन लक्षातही येत नाही. छापून आल्यावर लेखकाच्या नजरेला पडतं. म्हणून फॉरमॅटनंतर जुनी फाइल उघडून, छापील पान शेजारी ठेवून, ओळ न ओळ पडताळावी लागते. यात दोन दिवस जातात. कंपनीच्या कागदावर ते "सॉफ्टवेअर पुन्हा बसवले" एवढंच दिसतं, आणि ते दोन दिवस कुणाच्याच हिशोबात नसतात.

फॉरमॅटनं काही झालं नाही. होणारही नव्हतं. तापल्यावर होणारा दोष विंडोज पुन्हा टाकून जात नाही, हे त्यांनाही कळत असणार. रॅम बदलून झाली. मग अर्थिंग. "तुमचं अर्थिंग बरोबर नसेल मॅडम, जुना वाडा आहे ना." इंजिनिअरनं न्यूट्रल आणि अर्थच्या मधलं व्होल्टेज मोजलं, जरा जास्त आलं आणि "आधी हे करून घ्या, मग बोलू" असं लिहून तो गेला. अर्थिंग नीट असलंच पाहिजे, त्यात वाद नाही. मी वायरमनला बोलावून अंगणात नवीन खड्डा घेऊन ते करून घेतलं आणि आकडा खाली आणून दाखवला. मशीन दुपारी गोठतच राहिलं. त्याच लाइनवर, त्याच यूपीएसवर शेजारचं जुनं मशीन दिवसभर विनातक्रार चालतं, हे मी आधीपासून सांगत होते.

शेवटी मशीन सर्व्हिस सेंटरला मागवून घेतलं. तिथे एसी आहे. त्यांनी ते टेबलावर लावलं, थोडा वेळ चालवलं, तपासणी केली, आणि जॉबशीटवर छापील अक्षरात आलं: बिघाड आढळला नाही.

दिवसाआड हुडहुडी भरून येणारा हिवताप डॉक्टरांना उतरलेल्या दिवशी दाखवला तर ते रोगी खोटं बोलतो असं म्हणत नाहीत, ताप कधी चढतो ते विचारतात. मी काउंटरवर वही पुढे केली. तिथल्या मुलानं ती उघडली नाही. तो म्हणाला, "मॅडम, हे आम्हाला सिस्टीममध्ये टाकता येत नाही."

मी खूप भांडल्यावर बोर्ड बदलून मिळाला. तो नवा नव्हता, दुरुस्त करून पुन्हा वापरात आणलेला होता. वॉरंटीच्या बारीक अक्षरात तशी मुभा कंपनीनं ठेवलेली असते, 'नवीन अथवा नव्यासारखा'. आधीच्या बोर्डाचं काय झालं, त्यात काय सापडलं, हे विचारलं तर ते कळवण्याची पद्धत नाही असं उत्तर आलं. या बोर्डाचे मागचे यूएसबी पोर्ट ढिले होते. डाँगल दिसायचं, नाहीसं व्हायचं. डाँगल गेलं की फाँट गेला आणि काम बंद. फोन केला तर म्हणाले, डाँगल दुसऱ्या कंपनीचं आहे, ते आमच्या कक्षेत येत नाही. आणि आठवड्याभरात दुपारचं गोठणंही परत सुरू झालं.

आमच्या सोसायटीतला एक मुलगा खराडीला एका परदेशी कंपनीच्या तांत्रिक मदतीच्या विभागात आहे. रात्रपाळी असते, पहाटे कॅब सोडून जाते. तो आमच्या कंपनीचा नाही, पण एका रविवारी त्याच्याशी बोलताना मला पहिल्यांदा ही सगळी रचना कळली. तो म्हणाला, "काकू, आमचा प्रत्येक कॉल किती मिनिटांत संपला ते मोजतात. सरासरी वाढली की टीम लीडर बोलावतो. बंद केलेलं तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, पुन्हा उघडलं तर ते माझ्या नावावर लागतं. म्हणून पुन्हा फोन आला की बरेच जण जुनं उघडत नाहीत, नवीन काढतात. मग मागचं काही दिसत नाही." मी विचारलं, समजा तुला कळलं की ही बाई बरोबर बोलतेय, बोर्डातच दोष आहे, तर? "तर ते म्हणायचा अधिकार मला नाही. स्क्रिप्टमध्ये जे पुढचं आहे तेच मी सांगू शकतो. वर पाठवायचं तर आधी खालची सगळी पायरी झाल्याचं दाखवावं लागतं, मग ती उपयोगाची असो की नसो." तो हे सांगताना खाली बघत होता. चांगला मुलगा आहे. शाळेत असताना आमच्या खोलीत येऊन खिळ्यांचं उरलेलं एक अक्षर मागून घेऊन गेला होता.

हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, रात्रभर दिवे जळणाऱ्या त्या इमारतींतून हे शहर अर्ध्या जगाच्या अडचणी ऐकतं. १९८८ मध्ये इथे सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था उभी राहिली. अमेरिकेनं महासंगणक द्यायला नकार दिल्यावर डॉ. विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये इथेच परम ८००० करून दाखवला. त्याच सी-डॅकच्या, पीसीत बसवायच्या जिस्ट कार्डानं साध्या पीसीवर देवनागरी उमटली, आणि आमच्यासारख्यांचं पोट त्यावर चालू लागलं. यंत्रातलं ज्यांना कळतं अशी माणसं या शहरात जितकी आहेत तितकी क्वचित कुठे असतील. आणि याच शहरात त्यांच्यातल्या इतक्या जणांना आपल्याला जे कळतं ते न बोलण्याचा पगार मिळावा, याचं मला फार वाईट वाटतं.

कंपन्यांना चूक कबूल करणं परवडतच नाही, असं म्हणतात. मला ते पटत नाही. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या लिंचबर्ग कॉलेजातले गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली जुळ्या अविभाज्य संख्यांवर काम करत होते. त्यांच्या आकडेमोडीत बारीकशी तफावत आली. त्यांनी आधी आपला प्रोग्रॅम तपासला, मग मशीनचे इतर भाग, आणि एकेक शक्यता काढून टाकत ते नव्या पेंटियम प्रोसेसरपर्यंत पोचले. भागाकारासाठी आत जो तक्ता कोरलेला होता, त्यातल्या काही नोंदी राहून गेल्या होत्या. इंटेलला हा दोष आपल्या चाचण्यांत आधीच सापडलेला होता. तरी कंपनीनं सुरुवातीला भूमिका अशी घेतली की सामान्य माणसाला यानं फरक पडत नाही, ज्याला प्रोसेसर बदलून हवा त्यानं आपल्याला खरोखर गरज आहे हे पटवून द्यावं. लोक खवळले. डिसेंबरात इंटेलला जाहीर करावं लागलं की जो मागेल त्याला बदलून देऊ, आणि त्यासाठी ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढावे लागले. कंपनी बुडाली का? उलट पुढची कितीतरी वर्षं आपण प्रोसेसर म्हटलं की तिचंच नाव घेत होतो. २००६ मध्ये डेलनं लॅपटॉपच्या ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या. पेट घेण्याचा धोका होता, त्यांनी उघड सांगितलं आणि बदलून दिल्या.

मला त्या प्राध्यापकांची गोष्ट फार जवळची वाटते. गणितातलं मला काही कळत नाही. पण आपल्या मशीनपाशी रोज बसणारा माणूस जे पाहतो, ते नीट लिहून ठेवतो आणि सांगतो, त्याचं मोल किती मोठं असतं हे त्या गोष्टीत आहे. कंपनीच्या प्रयोगशाळेत महिनोन्‌महिने खपून जे मिळत नाही ते असा ग्राहक फुकट आणून देतो. मी चार पानं नेली होती.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत एक दुकान आहे. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. एक बाक, एक भिंग लावलेला दिवा, हॉट एअर गन, मल्टिमीटर, आणि भिंतीवर खुंटीला लटकवलेले मेलेले बोर्ड. तिथे चिप लेव्हलचं, म्हणजे अख्खा बोर्ड न बदलता त्यावरचे बारीक भाग दुरुस्त करायचं, काम होतं. एका छापखानेवाल्यांनी पत्ता दिला. मी मशीन घेऊन गेले नाही, नुसती वही घेऊन गेले. दुकानदारानं हातातलं काम बाजूला ठेवलं, वही घेतली आणि उभ्या उभ्या पूर्ण वाचली. पानं मागे-पुढे करून दोन तारखा ताडून पाहिल्या. "गुरुवारी नाही झालं कधी?" मी म्हटलं, गुरुवारी दुपारी बऱ्याचदा वीज नसते, मशीन तापतच नाही. तो मान हलवून म्हणाला, "ताई, मशीन आणा."

नेलं. त्यानं कॅबिनेट उघडलं नाही. "वॉरंटीचं आहे, स्क्रूला हात लावला तर त्यांना कारण मिळेल." पीडीएफचं काम चालू ठेवायला सांगितलं आणि घरात वापरतात तसला साधा हेअर ड्रायर घेऊन मागच्या जाळीतून आत गरम हवा सोडत राहिला. तापमान किती दिसतंय ते स्क्रीनवर बघत, बेतानं, दुपारी माझ्या खोलीत होतं तेवढंच. काही मिनिटांत मशीन गोठलं. पंखा लावून गार केलं, सुरू झालं. पुन्हा तापवलं, पुन्हा गोठलं. "व्हिडिओ काढून ठेवा," तो म्हणाला.

मग त्यानं मला समजावलं. एका चिपच्या पोटाखाली सोल्डरचे, म्हणजे वितळवून जोड द्यायच्या धातूचे, शेकडो बारीक मणी असतात, त्यांच्यावरच ती बोर्डाला चिकटलेली असते. बोर्ड तापतो, गार होतो, दोन्ही वेळा थोडा प्रसरतो-आकसतो, आणि चिप तेवढ्याच मापानं प्रसरत नाही. एखाद्या मण्याला केसाएवढी चीर असली तर गार असताना टोकं चिकटलेली राहतात, तापल्यावर सुटतात. "असंच असेल असं मी छातीवर हात ठेवून सांगत नाही, उघडल्याशिवाय कळत नाही. पण दोष आहे, आणि तो तापल्यावरचा आहे, हे तर समोर दिसलं." पूर्वी सोल्डरमध्ये शिसं असे. ते १८३ अंशांना वितळे आणि जरा मऊ असे. युरोपनं १ जुलै २००६ पासून नव्या उपकरणांत शिशावर बंधन आणलं, आरोग्यासाठी ते योग्यच होतं, आणि जगभरच्या कारखान्यांनी सोल्डर बदललं. नवं साधारण २१७ अंशांना वितळतं आणि जास्त ताठ असतं, त्यामुळे बनवताना जास्त निगुतीनं काम करावं लागतं. मला सासऱ्यांचे हात आठवले. खिळे म्हणजे शिसं, कथील आणि अँटिमनी. आयुष्यभर त्या शिशात बोटं घातलेला तो माणूस, संध्याकाळी जेवणाआधी दगडानं हात घासायचा.

या दुकानदारानं पैसे घेतले नाहीत. "मी केलं काय? नुसतं बघितलं." मी आग्रह केला तेव्हा चहा सांगायला लावला.

तो व्हिडिओ, वहीच्या पानांचे फोटो आणि सगळ्या जॉबशीट जोडून मी कंपनीला पत्र लिहिलं. त्यात २००३ सालचं सगळं लिहिलं होतं. त्या इंजिनिअरांचं नावही. मला वाटलं होतं, कुणीतरी जुना माणूस वाचेल. दुसऱ्या दिवशी मोबाइलवर संदेश आला की तक्रार बंद करण्यात आली आहे, सेवेबद्दल तारे द्या. आठवड्यानं एका मुलीचा फोन आला, पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन देऊ करणारा. मी तिला विचारलं, माझं पत्र वाचलंत का? ती म्हणाली, तिच्यासमोर फक्त माझा नंबर आणि कूपनची रक्कम आहे. त्या संध्याकाळी मी तक्रारीचा अर्ज लिहायला घेतला.

ग्राहक चळवळीची पाळंमुळं याच पेठांत आहेत. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा देशात ग्राहकाच्या बाजूचा स्वतंत्र कायदा नव्हता. तो १९८६ मध्ये आला. आताचा कायदा २०१९ चा, २० जुलै २०२० पासून लागू झालेला. तो वाचताना मला बरं वाटलं, कारण माझ्यासारख्या बाईचा विचार कुणीतरी आधीच करून ठेवलेला होता. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूबद्दल ग्राहक म्हणून दाद मागता येत नाही, असं मला एकानं घाबरवलं होतं. पण स्वतः राबून, स्वयंरोजगारानं पोट भरण्यासाठीच जो वस्तू घेतो तो ग्राहकच धरला जातो. कंपनीचं मुख्य कार्यालय कुठल्या का शहरात असेना, आपण राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. वकील लावायलाच हवा असं नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज केला पाहिजे. आणि ज्या कलमासाठी मी तो कायदा पुन्हा पुन्हा वाचला ते असं, की वस्तूतला दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग ती योग्य त्या प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणजे कुणीतरी उघडून, आत बघून, लिहून देणार.

माझ्यासारख्या कचाट्यात जे असतील त्यांना एकच सांगते. इंजिनिअर सही मागेल तेव्हा जॉबशीट वाचल्याशिवाय सही करू नका. तुम्ही सांगितलेली लक्षणं त्यात नसतील तर आपल्या हातानं, मराठीत, रिकाम्या जागेत लिहा आणि मग सही करा. माझ्या दोन जॉबशीटवर मी तसं लिहिलं आहे, "दुपारी तापल्यावर गोठतो, सकाळी तपासू नये" असं. तक्रार दाखल करून घेताना तिथल्या कर्मचाऱ्यानं त्या ओळीवर बोट ठेवून मला विचारलं, हे तुमचंच अक्षर ना?

यंदाचे अंक जुन्या मशीनवर चालू आहेत. सावकाश होतंय, पण होतंय. तारीख लागली आहे. अर्जात मी दोन मागण्या केल्या आहेत. पहिली पैशांची, मशीनची किंमत आणि बुडालेल्या कामाची. दुसरी अशी, की काढून नेलेल्या आणि आता असलेल्या बोर्डात नेमका काय दोष होता, आणि त्या खेपेच्या इतर मशीनमध्ये तो आहे का, हे कंपनीनं मला लेखी कळवावं. ओळखीच्या वकिलांनी अर्ज वाचून सांगितलं की ही दुसरी काढून टाका, तिनं तुमच्या पदरात काही पडणार नाही, उगाच प्रकरण लांबेल. मी ती ठेवली आहे. माझ्या सांगण्यावरून ज्यांनी ही मशीनं घेतली, त्यांना काहीतरी सांगावं लागेल ना.